छायाचित्रातील पुराणस्त्री : ग्रीक आणि मराठी

१

पुराणकथेतील स्त्री चितारताना चित्रकारापुढे जो प्रश्न उभा राहतो, त्याहून निराळा आणि अधिक बिकट प्रश्न छायाचित्रकारापुढे असतो. परंतु छायाचित्रकलेच्या विवेचनात त्याची दखल क्वचितच घेतली जाते. झ्यूक्सिस या ग्रीक चित्रकाराने हेलनचे चित्र काढण्यासाठी क्रोटोन नगरातील पाच कुमारिका निवडल्या आणि प्रत्येकीतील उत्तम तेवढे घेऊन एक रूप सिद्ध केले, अशी आख्यायिका सिसेरोने सांगितली आहे. त्या पाचजणींपैकी एकही हेलनच्या चित्रात उरली नसणार. त्या सामग्री होत्या. चित्र पूर्ण झाले आणि त्या घरी परतल्या. चित्रकाराला ही मुभा त्याच्या माध्यमानेच दिलेली आहे. रंगाचा प्रत्येक थर हा त्याच्या मनाने केलेला निर्णय असतो आणि समोर बसलेल्या स्त्रीपैकी किती ठेवावयाचे व किती गाळावयाचे, हे सर्वस्वी त्याच्या हाती असते.

छायाचित्रकाराला ही मुभा नाही. त्याच्या भिंगासमोर जी स्त्री उभी राहिली, तिच्याच अंगावरून परतलेल्या प्रकाशाने चित्राचा पृष्ठभाग घडलेला असतो. तिला हेलन म्हणा, मेडूसा म्हणा, दमयंती म्हणा. तिची हनुवटी, तिच्या मानेवरची शीर, कंटाळ्याने किंचित उतरलेला तिचा खांदा ही सारी चित्रात शिल्लक राहतात. म्हणून पुराणस्त्रीच्या प्रत्येक छायाचित्रात वस्तुतः दोन स्त्रिया असतात. एक कथेतली, जिचे नाव चित्राखाली लिहिलेले असते. आणि दुसरी त्या दिवशी, त्या खोलीत, त्या उजेडात बसलेली, जिचे नाव बहुधा लिहिलेले नसते.

या दोघींमधील संबंध हाच या कलाप्रकाराचा खरा आशय आहे, असे प्रतिपादन करावयास जागा आहे. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल अशा तीन लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घाटाची मीमांसा केली. त्यांच्या परिभाषेचा थोडा सैल वापर करून असे म्हणता येईल की, पुराणस्त्रीच्या छायाचित्रात नाव आणि शरीर यांच्यामध्ये विरोधलय असते. तो विरोध दडपून टाकणारे छायाचित्र वेषांतराच्या पातळीवरच राहते. त्याला वाव देणारे छायाचित्र कलेच्या पातळीवर चढते. अर्थात, ज्या स्त्रीचा देह चित्राचे उपादान झाला तिला त्या चित्रात काही स्थान आहे की नाही, हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही. तो न्यायाचाही होतो.

२

या दृष्टीने पाहता पहिला महत्त्वाचा प्रयत्न करणारी कलावती भारतात जन्मलेली असावी, हा योगायोग लक्षणीय आहे. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ मध्ये कलकत्त्यास झाला, त्यांचा विवाह १८३८ मध्ये तेथेच झाला आणि त्यांचा मृत्यू १८७९ मध्ये सिलोनात झाला. मधल्या काळात, इंग्लंडमधील वाइट बेटावर राहत असताना, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलीकडून त्यांना कॅमेरा भेट मिळाला. काचेच्या मोठ्या तावदानावर ओले रसायन पसरून, ते सुकण्याच्या आत चित्र टिपण्याची ती पद्धत होती. समोरच्या व्यक्तीला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. या सक्तीच्या निश्चलतेतूनच कॅमेरॉनबाईंच्या चित्रांना त्यांचा विशिष्ट भाव प्राप्त झाला. इतका वेळ कोणालाही अभिनय करता येत नाही; मुखवटा गळून पडतो आणि चेहऱ्यावर उरते ते त्या व्यक्तीचे स्वतःचे मौन.

त्यांची १८६५ मधील ‘सॅफो’ पाहावी. सॅफो ही ऐतिहासिक कवयित्री खरी, परंतु दंतकथांनी तिला केव्हाच पुराणात नेऊन बसविले आहे. चित्रात एका स्त्रीची पार्श्वाकृती आहे. काळे केस मागच्या अंधारात मिसळून गेले आहेत आणि अंगातल्या चोळीवरील वेलबुट्टी तेवढी उजेडात आली आहे. ही स्त्री म्हणजे मेरी हिलिअर, कॅमेरॉन यांच्या घरची मोलकरीण. याच मुलीला त्यांनी अनेकदा मेरीमातेच्या रूपातही बसविले. सॅफोच्या मूळ काचेला तडा गेला होता. तरीही त्यांनी तिच्यावरून प्रती काढल्या. नीटनेटकेपणाच्या तत्कालीन कल्पनांना हे रुचणारे नव्हते. परंतु त्या तड्यामुळे एक गोष्ट प्रेक्षकाला विसरता येत नाही, ती ही की आपण काचेतून पाहत आहोत आणि काचेपलीकडे कोणी तरी बसले होते. सॅफोची कविताही तुटक अंशांतच जगापर्यंत पोहोचली आहे. घरकामात दिवस घालविणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याला त्या भंगलेल्या परंपरेचे वजन पेलते, हे या चित्राने दाखविले.

१८६८ मध्ये त्यांनी मरी स्पार्टाली हिला म्नेमोसिनी, म्हणजे स्मृतीची देवता आणि नऊ कलादेवींची माता, या रूपात टिपले. येथे नाव आणि शरीर यांचे नाते पालटते. मरी ही लंडनमध्ये स्थायिक झालेल्या ग्रीक कुटुंबातली मुलगी होती आणि स्वतः चित्रकर्ती होती. म्हणजे भिंगासमोर बसलेली स्त्री त्या पुराणाची एका अर्थाने वारसदार होती आणि रूप घडविण्याचा व्यवसाय तिला माहीत होता. १८७२ मधील ‘अलीथिया’ या चित्रात ग्रीक भाषेत ‘सत्य’ असा अर्थ असलेले नाव धारण करून उभी आहे ती अ‍ॅलिस लिडेल. जिच्या बालपणातून लुइस कॅरोलची जगप्रसिद्ध गोष्ट निर्माण झाली, तीच ही अ‍ॅलिस, आता वीस वर्षांची. लहानपणी दुसऱ्याच्या कल्पनेतली व्यक्तिरेखा झालेल्या मुलीला तरुणपणी ‘सत्य’ हे नाव मिळावे, यातील उपरोध कॅमेरॉन यांना अभिप्रेत होता किंवा नाही हे गौण आहे. चित्र मात्र तो उपरोध बाळगून आहे. मोकळ्या केसांच्या त्या पार्श्वाकृतीत एक प्रकारचा नकार आहे. आपल्यावर आणखी एक गोष्ट रचली जात आहे, हे तिला ठाऊक असावे असे वाटते.

३

कॅमेरॉन यांच्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी, लंडनमध्ये, मॅडम इव्हॉन्द (१८९३-१९७५) यांनी ‘देवता’ ही चित्रमालिका केली. ५ मार्च १९३५ रोजी क्लॅरिजेस हॉटेलात उमराव घराण्यांतील स्त्रिया ग्रीक देवतांच्या वेषात जमल्या होत्या; त्या समारंभावरून ही कल्पना सुचली. तीन स्वतंत्र निगेटिव्हांवरून रंगीत मुद्रा काढण्याची व्हिवेक्स नावाची पद्धत त्या काळी नवी होती आणि रंगीत छायाचित्र हे जाहिरातीपुरतेच योग्य, असा समज होता. इव्हॉन्द यांनी त्या रंगांतच पुराण उभे केले, आणि तेही गांभीर्याचा आव न आणता. त्यांच्या मिनर्व्हाच्या, म्हणजे ग्रीकांच्या अथीनाच्या, हाती भाल्याऐवजी पिस्तूल आहे आणि जवळ पेंढा भरलेले घुबड आहे. त्यांची पेन्थेसिलिया ही अ‍ॅमेझॉनांची राणी कंठात बाण रुतलेल्या स्थितीत दिसते. पुराणाचे सामान दुकानातून आणलेले आहे हे लपविण्याचा प्रयत्न या चित्रांत नाही. म्हणूनच ती खोटी वाटत नाहीत.

या मालिकेतील सर्वांत थेट भिडणारे चित्र ‘नायोबी’ हे आहे. इतर देवतांना वेष आहे, आभूषणे आहेत. नायोबीला केवळ चेहरा आहे, चौकटीच्या कडांपर्यंत भरलेला आणि अश्रूंनी भिजलेला. ऑव्हिडने सांगितलेल्या कथेत नायोबीला सात मुलगे व सात मुली असतात. त्या वैभवाचा तिला गर्व होतो, देव तिची सर्व अपत्ये मारून टाकतात आणि ती शिळा होते, परंतु त्या शिळेतून पाणी झिरपत राहते. इव्हॉन्द यांच्या चित्रातले अश्रू ग्लिसरीनचे आहेत. तरीही ते पाहताना शिळा होण्याच्या क्षणाचा प्रत्यय येतो, कारण चेहरा गोठविणे हे छायाचित्राचे स्वाभाविक कार्यच आहे. येथे कथेचा आशय आणि माध्यमाची क्रिया एकरूप झाली आहेत.

मराठी वाचकाला नायोबीच्या शेजारी अहल्या आठवणे अपरिहार्य आहे. तथापि येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. अहल्या शिळा झाली ही कथा उत्तरकालीन रामायणांतून आणि कीर्तनांतून रूढ झालेली आहे. वाल्मीकींच्या बालकांडात तिला मिळालेला शाप निराळा आहे. ती वायू भक्षून, राखेत पडून, कोणाही प्राण्याला न दिसता त्या आश्रमात राहील, असा तो शाप आहे. नायोबी सर्वांना दिसते, पण हलू शकत नाही. वाल्मीकींची अहल्या असते, पण दिसत नाही. छायाचित्राला पहिली दशा सहज साधते. दुसरी मात्र त्या चित्रासमोर बसलेल्या स्त्रीच्या वाट्याला येते: तिचा देह सर्वांसमोर आहे आणि तरीही ती कोणाला दिसत नाही, कारण पाहणाऱ्याची दृष्टी देवतेच्या नावावर खिळलेली असते.

इव्हॉन्द यांच्या मालिकेत समोरच्या स्त्रियांची नावे नोंदलेली आहेत. मोलकरीण असलेल्या सॅफोपेक्षा त्यांची स्थिती या बाबतीत बरी, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ती नावे कशी आहेत? मिसेस एडवर्ड मेयर मेडूसा झाली आहे. लेडी माल्कम कॅम्बेल नायोबी झाली आहे. स्त्रीचे नाव म्हणून जे छापले गेले, ते तिच्या पतीचे नाव आहे. मेडूसा आणि मिसेस एडवर्ड मेयर या दोन शब्दांच्या मध्ये जी प्रत्यक्ष स्त्री होती, ती दोन्ही बाजूंनी झाकली गेली. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने २०२१ मध्ये इव्हॉन्द यांच्या रंगीत निगेटिव्हांचा संग्रह मिळविला आणि २०२३ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरविले; आता त्या चित्रांकडे पुन्हा पाहिले जात असताना हा छपाईचा तपशीलही चित्राचा भाग म्हणून वाचला जावयास हवा.

४

मराठी प्रदेशात पुराणस्त्रीचे दृश्य रूप रूढ झाले ते प्रामुख्याने राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस हलविलेला हा छापखाना घरोघरी लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला पोहोचवू लागला. या देवता आणि नायिका बहुतेक नऊवारी लुगड्यात आल्या, हा रविवर्म्याने केलेला एक प्रकारचा अनुवादच होता. परंतु अनुवादकाने ज्यांच्या बोलीतून शब्द उचलले, त्यांची नोंद राहिली नाही. ज्या मराठी आणि गोमंतकीय स्त्रिया त्याच्यासमोर बसल्या असतील, त्यांपैकी फारच थोड्यांची नावे मागे राहिली. अंजनीबाई मालपेकर यांचे नाव या संदर्भात घेतले जाते. परंतु ते नाव टिकले ते त्यांच्या गायनामुळे. चित्रासमोर बसण्याने कोणाला नाव मिळाले नाही.

रंगभूमीवर याच्या उलट स्थिती होती. तेथे नाव होते, पण स्त्री नव्हती. १९०५ मध्ये शकुंतलेच्या भूमिकेतून पुढे आलेल्या बालगंधर्वांची स्त्रीवेषातील छायाचित्रे महाराष्ट्राने ज्या आवडीने जपली, तिला तोड नाही. त्या छायाचित्रांत पदर सावरण्याची ढब, नजर खाली झुकविण्याची रीत इतकी परिपूर्ण आहे की, कुलीन स्त्रियांनी ती उचलली असे सांगितले जाते. म्हणजे पुराणस्त्री पुरुषाने घडविली आणि प्रत्यक्ष स्त्रीने तिचे अनुकरण केले. छायाचित्रातल्या दोन व्यक्तींपैकी एक येथे स्त्रीच नाही. तरीही विरोधलय आहेच, किंबहुना ती अधिक तीव्र आहे.

दादासाहेब फाळके या दोन्ही परंपरांच्या संगमावर उभे आहेत. ते छायाचित्रकार होते. गोध्र्यास त्यांनी स्टुडिओ चालविला, काही काळ पुरातत्त्व खात्यात काम केले आणि लोणावळ्यास रविवर्म्याच्या छापखान्याशीही त्यांचा संबंध आला. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ करताना तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही. भिंगासमोर उभे राहणे हे त्या काळी स्त्रीच्या अब्रूशी निगडित होते. अखेरीस एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंखे यांना त्यांनी तारामती केले. हेच साळुंखे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिकांत दिसले. रंगभूमीवर प्रेक्षक आणि नट यांच्यामध्ये अंतर असते, गाणे असते, संकेत असतो. भिंग मात्र मनगटाचे हाडही सोडीत नाही. एकाच मनुष्याच्या चेहऱ्यावर विरही राम आणि बंदिवान सीता पाहताना प्रेक्षकाने जी समजूत घालून घेतली असेल, तिच्यात त्या काळच्या समाजाचा सारा इतिहास सामावलेला आहे.

परंतु १९१३ मध्येच, ‘मोहिनी भस्मासुर’ या दुसऱ्या चित्रपटात, फाळक्यांना स्त्रिया मिळाल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची जेमतेम तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. या घटनेचा निर्देश चित्रपटाच्या इतिहासात ‘पहिली अभिनेत्री’ या सदराखाली नेहमी होतो. तिच्यातील कलाविषयक अर्थाकडे मात्र दुर्लक्ष झाले आहे. मोहिनी ही मुळात विष्णू. म्हणजे देवाने घेतलेले स्त्रीचे सोंग. तारामती आणि सीता या खऱ्या स्त्रिया पुरुषाने वठवाव्यात आणि जी कथेतच पुरुषाचे सोंग आहे ती मात्र खऱ्या मुलीने वठवावी, असा हा विलक्षण व्यत्यास आहे. कथाही पाहण्यासारखी आहे. भस्मासुर मोहिनीकडे टक लावून पाहतो, तिच्या प्रत्येक पवित्र्याची नक्कल करतो, ती मस्तकावर हात ठेवते तेव्हा तोही ठेवतो आणि स्वतःच्याच वराने जळून जातो.

येथे ग्रीक आणि भारतीय पुराण एकमेकांजवळ येतात. मेडूसाला जो पाहतो तो दगड होतो; मोहिनीची जो नक्कल करतो तो भस्म होतो. दोन्ही कथांत संकट पाहणाऱ्यावर आहे. पर्सियस वाचतो, कारण तो ढालीतल्या प्रतिबिंबात पाहतो, आणि त्या प्रतिबिंबाच्या आधारेच मस्तक कापतो. मेडूसावर आधी पोसायडनने अत्याचार केला आणि शिक्षा मात्र तिलाच झाली, हे ऑव्हिडने नोंदविले आहे. परंतु प्रतिबिंबात ते दिसत नाही. प्रतिबिंब पाहणाऱ्याला सुरक्षित ठेवते. जिचे प्रतिबिंब पडते तिला ठेवतेच असे नाही. छायाचित्र हे अशाच ढालीसारखे साधन आहे, याचे भान ठेवल्यावाचून पुराणस्त्रीच्या छायाचित्राचे मूल्यमापन पुरे होणार नाही. कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले म्हणून रंगभूमीवर दीर्घकाळ वावरल्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे चिरंजीव. मोहिनीच्या नावाआड त्या लुप्त झाल्या नाहीत, हे मराठी कलेचे भाग्य म्हणावयास हवे.

५

येथवर चेहरा राहिला आणि नाव हरवले, अशी उदाहरणे पाहिली. याच्या नेमके उलट उदाहरण मराठी मुलखाच्या उत्तर सीमेपलीकडे, १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेल्या जबलपूर परिसरात आहे. शहराच्या पूर्वेस खमरिया ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिलेली आयुधनिर्माणीची वसाहत. तेथून निघून शहर ओलांडून पश्चिमेकडे गेले की नर्मदेकाठी भेडाघाटचे चौसष्ट योगिनी मंदिर लागते. दहाव्या शतकाच्या सुमाराचे, कलचुरींच्या काळचे हे वर्तुळाकार देवालय. त्याच्या ओवरीत ८१ कोष्ठके आहेत आणि बहुतेक मूर्ती भंगलेल्या आहेत. नाके गेली आहेत, हात गेले आहेत, कित्येकींचे चेहरेच उरलेले नाहीत. परंतु त्यांच्या बैठकींवर त्यांची नावे कोरलेली आहेत: कामदा, सर्वतोमुखी आणि अशाच कितीतरी. राखालदास बॅनर्जी यांनी १९३१ मध्ये त्रिपुरीच्या हैहयांवरील आपल्या ग्रंथात या मूर्तींची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांमागे कलानिर्मितीचा हेतू नव्हता, केवळ नोंद करावयाची होती. तरीही ती छायाचित्रे पाहताना जे वाटते, ते पुष्कळशा सजविलेल्या चित्रांपुढे वाटत नाही. चेहरा नसलेल्या देहाखाली नाव शाबूत असते, तेव्हा पाहणारा त्या नावाने हाक मारून तो चेहरा स्वतः शोधू लागतो. खमरियासारख्या वस्तीतील वाचकाला सॅफो आणि नायोबी ग्रंथांच्या पानांवरच भेटणार. योगिनी मात्र त्याच्या शेजारी आहेत, आणि नाव जपण्याचे मोल त्याच त्याला शिकवू शकतात.

नाव आणि चेहरा या दोहोंचा मेळ घालण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न अलीकडच्या काळात पुष्पमाला एन. यांनी केला. मूळच्या शिल्पकार असलेल्या या कलावतीने क्लेअर आर्नी यांच्या सहकार्याने २००० ते २००४ या काळात केलेल्या मालिकेत रविवर्म्याची लक्ष्मी आणि त्याची चांदण्यातली स्त्री स्वतःच्या देहाने पुन्हा उभी केली. पुढे २०१२ मधील मालिकेत त्या सीता, कैकेयी आणि शूर्पणखा झाल्या. पडदा रंगविलेला आहे हे त्या लपवीत नाहीत. आणि समोर बसलेली स्त्री व चित्राची कर्ती एकच असल्यामुळे, ‘ही कोण?’ या प्रश्नाला चित्रातच उत्तर मिळते. मात्र येथेही एक मर्यादा संभवते. विनोद आणि अवतरण यांच्यावर भिस्त वाढली की पुराणस्त्रीचे दुःख मागे पडते; शूर्पणखेचे विद्रूपीकरण हे केवळ जुन्या चित्रांवरचे भाष्य होऊन चालणार नाही. कॅमेरॉन यांच्या सॅफोत चातुर्य कमी आहे, पण मौन अधिक आहे, आणि त्या मौनाची भरपाई चातुर्याने होत नाही.

कलाकृती पूर्ण झाल्यावर तिच्यासमोर कोण बसले होते याची चौकशी अप्रस्तुत आहे, असा आक्षेप स्वायत्ततावादी समीक्षक घेतील. चित्राच्या बाबतीत तो आक्षेप बहुतांशी मान्य करता येईल. छायाचित्राच्या बाबतीत मात्र समोरची व्यक्ती ही कलाकृतीबाहेरील माहिती नाही. तिच्यावरून आलेला प्रकाश हेच माध्यमद्रव्य आहे. तिला वगळून घाटाचा विचार करणे म्हणजे स्वर वगळून रागाचा विचार करण्यासारखे होईल.

अनुवादाच्या क्षेत्रात ज्याला चांगला अनुवाद म्हणतात, त्यात मूळ भाषेचा परकेपणा आणि नव्या भाषेचा स्वभाव ही दोन्ही जिवंत राहतात. एकीने दुसरीला गिळले की अनुवाद मरतो. पुराणस्त्रीचे छायाचित्र हाही एक अनुवादच आहे: कथेतून देहात केलेला. ग्रीक असो वा मराठी, त्या चित्राला तीन प्रश्न विचारावे लागतील. कथेतील स्त्रीवर जे गुदरले त्याची जाणीव चित्रात आहे काय? समोर बसलेल्या स्त्रीचे स्वतःचे मौन त्यात ऐकू येते काय? आणि तिचे नाव, तिचे स्वतःचे नाव, कोठे तरी लिहून ठेवले गेले आहे काय? संग्रहालये आणि प्रकाशनसंस्था जुन्या छायाचित्रांच्या सूची नव्याने तयार करीत असताना तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे अजून त्यांच्या हाती आहे. मेरी हिलिअरचे नाव सॅफोच्या शेजारी आज लिहिले जाते. बालगंधर्वांच्या आणि फाळक्यांच्या पूर्वी, मराठी चित्रशाळांत आणि स्टुडिओंत दमयंती किंवा सरस्वती होऊन बसलेल्या ज्या स्त्रियांची नावे अजून कागदपत्रांतून सापडण्यासारखी असतील, ती शोधून चित्राखाली लिहिणे हे मराठी कलासमीक्षेचे काम आहे, आणि ते पुढच्या पिढीवर ढकलण्यासारखे नाही.